उत्तर न सांगणाऱ्या बाई

लोणी देवकरहून सुटलेल्या एसटीत नवी शिक्षिका मालती उद्या मुलांना लिहून द्यायची उत्तरं वहीत उतरवत होती. मागच्या बाकावर कारखान्यातून सुटलेल्या दोघी बोलत होत्या.

"माधवी, बंद पडलेलं मशीन आज मी चालू केलं!"

"तू? जयवंता, खरं सांग!"

"व्हय गं! सायेब पुण्याला फोन लावत व्हते. मी म्हणलं, बघू तरी. सेन्सरवर नुसती धूळ बसलेली!"

"पर तुला शिकवलं कुणी?"

"कुणीच न्हाय. शाळेत आमच्या आसावरीबाई उत्तर कदी सांगायच्याच न्हाईत. 'तूच शोध' म्हणायच्या, आन् शेजारी उभ्या ऱ्हायच्या."

"मग शिकवायच्या काय?"

"तवा मीबी आईला हेच विचारायची!"

दोघी खळखळून हसल्या. मालतीला राहवेना. ती गर्रकन मागं वळली.

"ताई, त्या बाई आता कुठं भेटतील?"