हळू बोल, दसूकी

कालव्याकाठच्या इस्माइलिया शहरातल्या सभागृहात, ऑक्टोबरच्या लढाईत कालवा ओलांडून गेलेल्या रणगाडेवाल्यांचा सत्कार होता. व्यासपीठावर जनरलसाहेब रणगाड्यांचा इतिहास सांगत होते आणि अजून पहिल्या महायुद्धातच रेंगाळले होते. कप्तान मुख्तारची विधवा इन्शिराह दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या पुढ्यातच नवऱ्याच्या रणगाड्यावरचे दोघे म्हातारे होते, चालक बयूमी आणि तोफ चालवणारा दसूकी. तोफेच्या धडाक्यांनी दोघांचेही कान गेलेले, त्यामुळे त्यांची कुजबुज पार दारापर्यंत पोहोचत होती.

“दसूकी, कुणाला सांगू नकोस. मुख्तारसाहेबांच्या बायकोला मागणी घालावी म्हणतो.”

“कुणाच्या बायकोला?”

“हळू बोल रे! इन्शिराहबाईंना!”

“लाज वाटत नाही? साहेब जन्नतमधून बघतायत!”

“साहेबच म्हणाले होते, बयूमी, माझ्या घरच्यांकडे लक्ष ठेव.”

“लक्ष ठेव म्हणाले, डोळा ठेव नाही!”

“बायको गेल्यापासून एकटाच चहा पितोय रे.”

“मग विचार की सरळ.”

“भीती वाटते.”

“कालवा ओलांडताना नाही वाटली ती?”

“तेव्हा चारी बाजूंनी लोखंड होतं!”

जनरलसाहेबांचं भाषण केव्हाच थांबलं होतं. सगळं सभागृह इन्शिराहकडे बघत होतं. लाजेनं लाल झालेली ती पुढे वाकली आणि बयूमीच्या कानाशी ओरडली,

“शुक्रवारी चहाला या! मुलगा घरी असेल, त्याच्यासमोर विचारा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आपलं नाव पुकारलं वाटतं,” दसूकी म्हणाला. “ऊठ!”

दोघे ताडकन उभे राहिले. दसूकीनं व्यासपीठाला सलाम ठोकला. बयूमीनं मागे वळून इन्शिराहला.