उचलणार नाही म्हणजे नाही

...आणि वर मलाच विचारतात, "म्हणजे बादलीसुद्धा नाही?" नाही! बादली नाही, गाठोडं नाही, ओल्या चादरींचा पिळा नाही. पोटात जाळी बसवलीय माझ्या, ती काय शोभेला? तुम्हाला सांगते, माझ्या घरात हर्निया समजावणं एक वेळ सोपं, पण ही बाई आता उचलणार नाही, हे समजावणं महाकठीण.

लॉन्ड्री आहे आमची. आमची म्हणजे, गल्ल्यावर हे बसतात आणि बाकीचं सगळं मी. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, भिजले की एकेक गाठोडं असं होतं की दोन माणसांनीच धरावं. दुसरं माणूस कुठाय? ते पावती फाडतंय. मग काय, श्वास कोंडायचा, कमरेत वाकायचं आणि मशिनीतून टोपलीत, टोपलीतून गच्चीवर... वर्षानुवर्षं हेच. एक दिवस बेंबीशी लिंबाएवढं काहीतरी वर आलं. खोकलं की यायचं, आडवं झालं की आत जायचं. ह्यांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून नीट बघितलं आणि म्हणाले, वय झालं की पोट सुटतंच. जसं काही माझं पोट त्यांच्याकडेच नोकरीला होतं, आणि आता निवृत्त झालं!

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची, पण तोंडावर हसू औषधाला नाही. म्हणाली, पोटाची भिंत कमजोर झालीय, आतडं अडकलं तर पंचाईत होईल, त्याआधी शिवून घेऊ. मग तयारी. आधी खोकला बरा करा. रोज चाला. पोट साफ राहील असं खा, कुंथायचं नाही. रक्त तपासलं, चालू गोळ्या कुठल्या ते विचारलं, किती वाजल्यापासून उपाशी राहायचं ते सांगितलं. सगळं केलं मी, परीक्षेला बसल्यासारखं. आणि शेवटी ती म्हणाली, "सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. नंतर मला विचारून." हे शेजारीच बसले होते. ऐकलं असेल? छे! पंख्याकडे बघत होते.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी नर्सबाईंनी उठवून चालवलंसुद्धा. उठायचं कसं, तर आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या रेट्यानं बसायचं. खोकला आला, शिंक आली, हसू आलं, की उशी पोटाशी घट्ट धरायची. घरी आले तीच उशी कवटाळून. आणि दारात ह्यांनी स्वागत काय केलं? बरं झालं आलीस, पडदे तसेच पडलेत!

उचलणार नाही म्हणजे नाही.

मग जाऊबाई आल्या बघायला. म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हते बाई हे लाड. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी चौथ्या दिवशी गाद्या उचलल्या होत्या." खरंय. पाहुणे यायचे होते म्हणून उचलल्या, आणि वर्षाच्या आत परत त्याच टेबलावर आडव्या! तेव्हा ते पाहुणे गेले होते का बघायला? मी विचारलं. मग जाऊबाईंनाच हसू फुटलं, मलाही फुटलं... उशी, उशी! अहो, हसायलासुद्धा तयारी लागते मला. तुम्ही हसा, तुमचे टाके शाबूत आहेत.

पण एक सांगा, बाईचं पोट म्हणजे काय घरची फुकटातली क्रेन आहे? गडी माणूस पाठीत लचकला तर घर चवड्यांवर चालतं. बाईचं पोट फाटलं तरी विचारतात, बादलीसुद्धा नाही?

सगळ्यांना पुरून उरले, पण नात आली. दारातूनच दोन्ही हात वर. "आजी, घे." आता काय करू? हे म्हणाले, अगं एवढीशी तर आहे, घे ना. एवढीशी! दोन ओल्या पडद्यांच्या वजनाची भरेल ती. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. हात पुढे गेलेसुद्धा. तेवढ्यात डोळ्यांपुढे जाऊबाई आल्या, टेबलावरच्या. गेले तशीच, खुर्चीत बसले, ह्यांना शेजारी स्टूल ओढायला लावलं, म्हटलं चढ तूच. चढली की! माझ्या खांद्यावर डोकं टाकून विचारते, "आजी, तुझी बॅटरी संपली?" म्हटलं, संपली नाही गं, चार्जिंगला लावलीय.

उचलणार नाही म्हणजे नाही.

इकडे दुकानात ह्यांच्यावर पाळी आली. पहिल्यांदा गाठोडं उचलायला गेले, हललं नाही. दुसऱ्यांदा कण्हले. तिसऱ्यांदा काय केलं माहितीय? सोडलं आणि एकाची दोन छोटी गाठोडी बांधली. झालं! ही अक्कल माझं पोट फाटेपर्यंत कुठं दडली होती?

सहा आठवडे झाले, शेवटची तपासणी. टाके उत्तम, जाळी पक्की. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता हळूहळू हलकं उचलायला हरकत नाही, श्वास कोंडू नका. इतक्या दिवसांत त्या बाईचं एक वाक्य ह्यांच्या कानात शिरलं नव्हतं, हे बरोबर शिरलं. दवाखान्याच्या पायरीवरच हातातली पिशवी पुढे केली, "धर, हलकीच आहे."

धरली. पण एकच बंद धरला. दुसरा त्यांच्याच मुठीत ठेवला आणि निघाले. भर रस्त्यात हे पुटपुटतायत, लोक बघतायत. बघू देत! तेव्हापासून असंच चाललंय, दोघांत एक पिशवी, दोघांत एक गाठोडं. आता हे माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे सगळा भार घरंगळत माझ्याच बाजूला येतो, तो भाग वेगळा.