बटण दाबल्यावर एकवीस जण उठायचे

...नाही, तुम्हीच सांगा, बटण दाबल्यावर कॉम्प्युटरनं काय करावं? सुरू व्हावं. एवढंच ना? पण आमच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, वरात काढायचा! आधी सनई, मग पडद्यावर मासे, मग कोंबडा आरवणार, मग एक घड्याळ, मग दुसरं घड्याळ, दोघांच्या वेळा वेगळ्या, आणि शेवटी कोपऱ्यात वीतभर बाई येऊन नाचायला लागणार. मोजून एकवीस प्रकार! वीस मिनिटं जायची. आता हे सगळं कुणी घातलं, ते तेवढं विचारू नका.

दुकान दादाचं. सिद्धलिंग, माझा थोरला भाऊ. मांजरसुंब्याच्या चौकात लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा टाइप करून द्यायचा. मी सोमा, सातवी नापास. झाडलोट करायची, आणि दादा जेवायला घरी गेला की मिळेल ती सीडी घालून बघायची. दोन हजार साल लागलं तेव्हा लोक म्हणत होते, सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. कॉम्प्युटर राहिला. दादा गेला. कावीळ झाली, त्यानं अंगावर काढली, आणि एकतीस वर्षांचा धडधाकट माणूस... जाऊ द्या.

तर शिवगणाराधनेची, म्हणजे आमच्यातल्या तेराव्याच्या जेवणाची, पत्रिका काढायची होती. दादाचीच. सकाळी नऊला कडा गावाकडं जाणारी जीप निघणार, वहिनीच्या माहेरी आणि वाटेतल्या गावांना तिच्यातूनच पत्रिका जायच्या. सगळे म्हणाले, बीडहून छापून आणू. मी म्हटलं, "ज्यानं सगळ्यांच्या पत्रिका केल्या, त्याची बाहेर छापायची? मी काढतो!" वहिनीसमोर म्हटलं बरं का, छाती ठोकून.

आठाला बसलो. मागं राजेश्वरकाका आणि चार भाऊबंद. बटण दाबलं... आणि सनई! दुःखातली माणसं उभी, आणि सनई! आवाज बंद करायला वाकलो तर कोंबडा आरवला. काका म्हणतात, "आरं, हे काय लावलंय बे?" तेवढ्यात बाई आली. काय करू? हातानं झाकली! पडद्यावर पंजा ठेवून उभा राहिलो, तर ती बोटांच्या फटीतून नाचतीच आहे! कुणी घातली, ते तेवढं विचारू नका.

पळालो फोनवर. बीडला भारत म्हणून आहे, दादाला कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिलेला. पण फोन रस्त्याच्या पलीकडं ढाब्याशेजारी, आणि कॉम्प्युटर अलीकडं, मधून ट्रक! भारत म्हणाला, "यादी उघडायला काय टाइप करायचं ते लिहून घे. ज्याच्यापुढं टिक हाय, ते सुरू होतानाच उठतंय. नको असंल त्याची टिक काढ. पर ऐक, सोमा..." आता मी कधी कुणाचं पुढचं ऐकलंय? फोन ठेवला, ट्रकच्या पुढून पळालो आणि यादीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या टिका काढल्या. पुन्हा बटण दाबलं. तुम्हाला सांगतो, दोन मिनिटांत सुरू! ना मासा, ना कोंबडा. काकासुद्धा म्हणाले, "जमलं की!"

मी टाइप केलं, कैलासवासीच्या जागी आमच्यात लिहितात तसं, लिंगैक्य सिद्धलिंग. आणि पडद्यावर काय? चौकोन, टिंबं, स्वल्पविराम! दादाच्या नावाच्या जागी स्वल्पविराम हो! मराठीच गेली!

पुन्हा रस्ता. आता मागोमाग काकाही आले, सगळे भाऊबंद आले. भारत ओरडला, "मराठी अक्षरांचा प्रोग्राम बी त्याच यादीत असतोय बे! कावून काढला? तेवढी एक टिक परत लाव." आणि मग म्हणाला, "पर एवढा कचरा घातला कुणी?"

विचारलंच शेवटी. मागं पाच माणसं कान देऊन उभी. आणि मी... मी म्हटलं, "हे सगळं? दादानं घातलं."

मोठ्यानं म्हटलं. फोनवर मोठ्यानंच बोलावं लागतं.

मागून काकांचा आवाज आला, "सिद्धलिंग असलं बघायचा व्हय? आमी समजत होतो, लेकरू कामात हाय." आणि इकडं कानात भारत, "सिद्धलिंगनं? येडा झालास का? दिवाळीत त्यानंच विचारलं होतं, हे कसं काढायचं. मी सांगितलं, दोन मिनिटांचं काम हाय. तर म्हणतो, 'ऱ्हाऊ दे, सोमा रुसंल.'"

रोज वीस मिनिटं, हो. दिवाळीपासून. मी रुसेन म्हणून.

वळून काकांकडं बघवेना. खाली मान घालून रस्ता ओलांडला, टिक लावली, मराठी आली, पत्रिका टाइप केली. काका तोवर दुकानाबाहेर चौघांना सांगतायत, "नाचणारी बाई ठिवली होती म्हणं सिद्धलिंगनं." पावणेनऊ वाजलेले. त्यांच्यासमोर जाऊन खरं सांगायला पाय उचलेना, पण बोटं कीबोर्डवरच होती. खाली जागा शिल्लक होती, तिथं ठोकलं: 'विशेष सूचना : दुकानातील कॉम्प्युटरवरची नाचणारी बाई, कोंबडा व मासे धाकट्या भावानं घातले होते. दादाचा काही संबंध नाही.' एक प्रत छापली, शेजारून दोनशे झेरॉक्स काढल्या. जीप गेली. धूळ खाली बसल्यावर डोक्यात आलं, आपण हे कशावर लिहिलं!

गणाराधनेला मांडव भरला. पंगत बसली. गावोगावचे पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसतायत. विधीला आलेल्या स्वामी महाराजांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि सगळी वाचली, मोठ्यानं, विशेष सूचनेसकट. मग म्हणाले, "धाकटा कोण?"

उभा राहिलो. वहिनी बायकांत बसलेली, ती बघतीय. काकांनी मान खाली घातली. महाराज म्हणाले, "बस. जेवून घे."

बसलो. काय करणार? आणि तुम्हाला सांगतो, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच भूक लागली होती... तीनदा वाढून घेतलं हो मी, दादाच्याच पंगतीत.