ओठ मिटून एक फोटो

थांबा थांबा, हाही गेला ना? दात दिसले? दिसले असणारच — तुम्ही "रेडी" म्हणालात आणि ओठ आपोआप फाकले. कितवा हा? चौथा? पाचवा! अरे देवा. नाही हो दादा, व्हिसाच्या फोटोचे नियम सगळे वाचून आलेय मी, हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत, मागे पांढरा पडदा — पण ज्यानं ती यादी केली ना, त्याला एकदा विचारायला हवं, की ज्या बाईला आज सकाळी सात चाळीसला परदेशातल्या शाळेचं नेमणूकपत्र आलंय, तिनं तोंड मिटायचं तरी कसं? बरं, बसते सरळ. हे स्टूल जरा डुगडुगतंय हं. नाही, स्टूल नाही डुगडुगत, मीच डुगडुगतेय.

गणित शिकवते मी. अठरा वर्षं एकाच शाळेत, त्यातली अकरा एकाच वर्गात — जिन्याजवळचा, ज्याचा पंखा फक्त दोन नंबरावर फिरतो. माझ्या हाताखालची मुलं कुठल्या कुठे जाऊन आली, आणि मी? मी त्यांच्या वह्या घेऊन त्याच जिन्यानं वर, त्याच जिन्यानं खाली. म्हटलं, एकदा तरी दुसऱ्या जिन्यानं चढून बघू! आणि अर्जाला वयाची अट पंचेचाळीस. मी चव्वेचाळीस पूर्ण, वर दहा महिने. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, कळलं ना? घरी सांगितलं तर आमचे हे म्हणतात, "जा की, मला वरण-भात… म्हणजे सगळाच स्वयंपाक येतो." येतो कसला! पाणी उकळायला ठेवून विसरतात. पण जा म्हणाले, ते महत्त्वाचं. लेक तर म्हणाली, "आई, तू जा आणि मला तिकडून उठवायला फोन करू नकोस."

तर चार शाळांत अर्ज केले. चारही ठिकाणी मुलाखत झकास — म्हणजे मी स्क्रीनवर अपूर्णांक शिकवले तर समोरच्या तिघांनी वही काढून लिहून घेतले, खरंच! आणि मग? मग सामसूम. ना हो, ना नाही. एकदा ठीक, दोनदा ठीक, चारदा? माशी शिंकतेय कुठे? शेवटी त्या नोकऱ्या जुळवणाऱ्या संस्थेतली बाई — कधी बघितली नाही मी तिला, नुसता आवाज, पण देव तिचं भलं करो — ती म्हणाली, "मॅडम, मला हे सांगता येत नाही, पण तुमच्या तीन शिफारशींपैकी एक जरा… कोमट आहे." कोमट! दादा, वाईट असती तर परवडलं असतं, वाईटावर भांडता तरी येतं. कोमटाचं काय करणार? आणि कुणाची ते विचारायचं नाही, कारण पत्र गोपनीय. अर्जावर मीच सही केलेली, की मी कधीही बघायला मागणार नाही म्हणून. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

मान डावीकडे? अशी? बोलू नको? दोन मिनिटं बोलू द्या हो, मग बघा कशी पुतळ्यासारखी बसते.

मग मी काय केलं? मी भांडले नाही, रडले नाही — बरं, एकदा रडले, पण वह्या तपासताना, त्यामुळे वेळ वाया गेला नाही. मी सरळ तिघांकडे गेले आणि तिघांना एकच प्रश्न विचारला. "पत्र द्याल का" असं नाही विचारायचं, त्याला सगळेच हो म्हणतात. विचारायचं, "मला *भक्कम* शिफारस देणं तुम्हाला जमेल का?" आणि तोंडाकडे बघत राहायचं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका — माझा पहिला संशय त्यांच्यावर, गेलं वर्षभर मला पाण्यात बघतात असं मला वाटायचं — त्या प्रश्न संपायच्या आत म्हणाल्या, "अगं, लिहिलंय की, दोन पानं लिहिलंय!" आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझे कॉलेजचे प्रोफेसर, ब्याऐंशीचे, फोनवर ओरडले, "भक्कम म्हणजे? मी दुसरं काही लिहितो का?" आणि तिसरे आमचे सुपरवायझर सर. सोबत काम करणाऱ्या माणसाचं पत्र लागतं, ते त्यांच्याकडे. ते? खिडकीतून मैदानाकडे बघत राहिले, तिथं काही चाललेलंही नव्हतं. मग म्हणाले, "मी खरं तेच लिहितो, बाई." झालं! सापडली माशी. काय लिहिलंत, विचारलं, तर तेही सांगून मोकळे. वेळेवर येतात, विषय उत्तम, वर्गावर पकड. आणि फॉर्मवर एक प्रश्न होता, "सहकाऱ्यांना पुढे जायला हातभार लावतात का?", तिथं यांनी लिहिलं, "मत नाही." मत नाही! अहो, अठरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून माणसाला मत नाही? वर कसल्यातरी जुन्या शिक्क्याचं बोलायला लागले. जाऊ दे ते.

पण मी शांत हं! "सर, तुमच्या खरेपणाबद्दल आभार" म्हणाले, बाहेर आले आणि पाचव्या अर्जातून त्यांचं नाव खोडलं. तक्रार नाही, स्पष्टीकरण नाही, नुसतं नाव बदललं. आणि तिथं कुणाचं घातलं? आमच्या चिमणीचं! ती बघा — काचेतून दिसतेय, शेजारी झेरॉक्सवाल्याकडे, हिरवी ओढणी, हातात माझ्याच दाखल्यांचा गठ्ठा. विज्ञान शिकवते. एवढीशी आहे, फळ्याच्या वरच्या भागावर लिहायला खुर्चीवर चढते, म्हणून मुलांनीच ठेवलंय नाव. आज शाळा अर्धा दिवस, तर म्हणाली, "ताई, तुम्ही फोटो काढा, झेरॉक्सची रांग मी धरते." अशी आहे. माझ्या पेपरांच्या बेरजा ती तपासते. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा तीन आठवडे तिनं माझा वर्ग आणि स्वतःचा वर्ग हॉलमध्ये एकत्र बसवून शिकवलं, एकशे अठरा पोरं, आणि मला फोनवर म्हणायची, "सगळं मस्त चाललंय, ताई." आवाज बसला होता पोरीचा.

आणि तिनं पत्र लिहिलं. असं लिहिलं, की त्या संस्थेच्या बाईला राहवलं नाही, फोनवर तिनं एक वाक्य वाचूनच दाखवलं — गोपनीय-बिपनीय गेलं उडत! चिमणीनं लिहिलं होतं, "मी आज जी काही शिक्षिका आहे ती यांच्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसून झाले." दहा दिवसांत नेमणूक! दहा दिवसांत! सांगा आता, हसू नको तर काय करू?

काय म्हणालात? ती?

ती का नाही जात, होय? गेली असती की. म्हणजे तिनंच तर आधी अर्ज केला होता, दोन वर्षांपूर्वी. हा मार्ग तिनंच मला दाखवला. तीन शाळा, तीन मुलाखती, आणि मग… तेच. सामसूम. माझ्यापाशी येऊन बसली एक दिवस, म्हणाली, "ताई, माझंच काहीतरी कमी पडत असणार." मी तिला चहा पाजला. होतं गं, म्हटलं. मग तिनं तो नादच सोडला.

पत्र? हो, एक पत्र माझं होतं.

नाही, वाईट नाही हो लिहिलं! शपथेवर सांगते, एक शब्द वाईट नव्हता. काय आहे, आम्हा शिक्षकांना एक खोड असते, वर्षाला शे-दीडशे प्रगतिपुस्तकं भरायची, हात आपोआप चालतो. लिहिलं मी, "प्रगती समाधानकारक. आणखी सराव आवश्यक." आता यात काय चूक आहे? मी कुणालाच पैकीच्या पैकी देत नाही, विचारा वर्गात. आणि शिक्का मारायला कागद सुपरवायझर सरांकडे गेले, त्यांनी वाचले, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. तो शिक्का. म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं…

हातचं राखून लिहिलं मी. झालं? सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, लेकीचं शेवटचं वर्ष, ती गेली असती तर माझा वर्ग कुणी सांभाळला असता? भीती वाटली मला, दादा. आणि लिहिताना ते कळत होतं. सवय-बिवय काही नाही. सराव आवश्यक! तिला! त्या पोरीला आजही वाटतं, की तिच्यातच काही कमी आहे.

हे मी आजवर कुणाला… तुम्ही तो दिवा जरा बाजूला करा हो, डोळ्यावर येतोय.

आलीच ती. ये गं. झाल्या झेरॉक्स? तीन-तीन प्रती? शहाणी माझी. नाही, अजून नाही झाला, हे दादा म्हणतात दात दिसतात. कान? कान झाकतायत? अगं राहू दे, मी घेते मागे केस… राहू दे म्हटलं ना. बरं. घे. दोन्ही बाजूंनी घे.

काढा दादा. काढा आत्ता. नाही, नाही हसत.

झाला? एका झटक्यात? बघायचा नाही मला, पाकिटात घाला. उतरते मी. चिमणे, बस तू इथं. बस म्हणते ना. तुझाही काढून ठेवू. कशाला म्हणजे, लागतो. मी सांगते ना लागेल, या वेळी लागेल, तुला अजून पुष्कळ वर्षं आहेत. ओढणी सारखी कर, सरळ बघ. दादा, हिचा नीट काढा हं.

आणि मघाचं आपलं बोलणं — गोपनीय.