चन्नप्पाचा फोन बंद आहे

माझे नाव हमजा इमामसाब मुजावर, वय ३३, धंदा ट्रॅक्टर ड्रायव्हर, राहणार श्रीपूर, जिल्हा सोलापूर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

मी धनाजी मालकांकडे ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर आहे. मालकांचे एकाच कंपनीचे दोन नवे ट्रॅक्टर आहेत. एक मी चालवतो. दुसरा चन्नप्पा चालवतो आणि तो सध्या जेऊरच्या बाजूला दुसऱ्या तोडणी टोळीवर आहे. चन्नप्पा बायको आणि दोन मुलींसह तिथेच कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपडीत राहतो. त्याचे आधी लिहून घ्या असे मी साहेबांना म्हटले होते. क्रमाने सांग म्हणाले, म्हणून क्रमाने सांगतो.

धूर कमी सोडायचा असा सरकारचा नियम आल्यामुळे या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आहे. जाळी भरली की ट्रॅक्टर सायलेन्सर तापवून काजळी आतल्या आत जाळतो. तेव्हा नळीतून भट्टीसारखी धग येते. पूर्वी समोर दिवा लागायचा, आणि मोकळ्या रानात उभे राहून आपण बटण दाबले तरच हे काम व्हायचे. आम्ही ड्रायव्हर लोक बटण दाबत नव्हतो. कारखान्यावर नंबर लागलेला असताना अर्धा तास कोण उभा राहणार? ही आमची हुशारी कंपनीच्या लक्षात आली असावी. गेल्या आठवड्यात कंपनीने परस्पर दोन्ही ट्रॅक्टरचे सॉफ्टवेअर बदलले. शोरूममधून मालकांना फोन आला, की आता ड्रायव्हरने काही करायचे नाही, ट्रॅक्टर आपला आपण साफ होईल. एका जागी उभा असतानाही होईल, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

टोळीच्या तळावर लाईट नाही. पहाटे उसाच्या फडात तोडणीला गेलेल्या माणसांचे मोबाईल दुपारपर्यंत बंद पडतात. जेवायला परत आले की ट्रॅक्टर चालू करून सगळ्यांचे मोबाईल त्याच्या बॅटरीवर चार्जिंगला लावायचे, अशी सगळ्याच टोळ्यांची रीत आहे. इंजिन बंद ठेवले तर बॅटरी उतरते. वायर आखूड असते, म्हणून ट्रॅक्टर कोपीला खेटून उभा करतात. इंजिनच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, म्हणून चार्जिंगला लावलेला फोन कोणी उचलतही नाही.

आज दुपारी मी तसाच ट्रॅक्टर नागव्वाच्या कोपीला खेटून लावला, मोबाईल जोडले आणि पाटावर हातपाय धुवायला गेलो. नागव्वा अक्कलकोटकडची, आमच्या टोळीत ऊस तोडते. ती विहिरीवर गेली होती. तिचे सहा महिन्यांचे मूल आत झोळीत होते. इंजिनचा आवाज एकदम चढला म्हणून मी वळून पाहिले, तर नळीच्या तोंडासमोरचे छप्पर पेटलेले होते. मी आत शिरून झोळी ओढून काढली. मूल रडत नव्हते. त्याच्या रडण्याची मी वाट पाहत होतो तेवढी वाट मी आयुष्यात कशाची पाहिली नाही. बाहेर आणल्यावर ते रडले. त्याचा उजवा पाय भाजला आहे. नागव्वा पळत आली आणि "माजं लेकरू कुटं हाय?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. लेकरू तिच्याच हातात दिलेले होते.

मुलाला दवाखान्यात नेले, तिथे मालक आले. त्यांनी मला बाजूला घेतले. "चुलीची ठिणगी उडाली म्हण की. ट्रॅक्टरचं नाव घेतलंस तर तू हाय आणि तुजं नशीब हाय," असे ते म्हणाले. मालक आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत. मला त्यांची भीती वाटते, नाही म्हणत नाही. पण नागव्वाने सकाळपासून चूल पेटवलेली नव्हती. कोपीबाहेरच्या तिच्या चुलीच्या राखेत मी स्वतः हात घालून पाहिला, राख गार होती. तिच्यावर हे घालू नये.

दुसऱ्या ट्रॅक्टरचे मी मालकांना विचारले. ते म्हणाले, "तितं काय न्हाय व्हत." मी चन्नप्पाला फोन लावला, त्यांच्या टोळीच्या मुकादमालाही लावला. दोघांचे फोन बंद आहेत. ठाण्यात आल्यापासून मी लावतोच आहे. बंद आहे असे ऐकले की मला बरे वाटते. त्यांची टोळी आमच्यापेक्षा उशिरा जेवायला येते, फोन बंद म्हणजे माणसे अजून फडातच आहेत आणि ट्रॅक्टर चालू झालेला नाही. जेऊरकडे निरोप दिला आहे असे साहेब म्हणाले. माणूस तिथे पोचला का, हे मी तीनदा विचारले. चन्नप्पाच्या धाकटीला दुपारी कोपीतच झोपवतात.

वरील जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, त्यात माझी काही तक्रार नाही. सही करण्याआधी एवढे वाढवून घ्यावे, की वाचन चालू असताना मी चन्नप्पाचा नंबर पुन्हा लावला. फोन आता चालू झाला आहे. रिंग जाते आहे. कोणी उचलत नाही.