कुमुदताईंचा शनिवारचा खेळ

ताईंच्या घरची मंडळी, प्राचार्य सर, आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली सगळी पोरं-पोरी,

खुर्च्या कमी पडल्या आज. ताई असत्या तर हळूच म्हणाल्या असत्या, "मुखेडकर सर, हजेरी घेऊन टाका. इतिहासाला एवढी गर्दी झाली होती, हे उद्या कुणी मानणार नाही."

मला बोलायला जड जातंय. मी नांदेडला इतिहास शिकवतो, बोलण्याचाच पगार घेतो, तरी सकाळी गाडीत बसल्यापासून पहिलं वाक्य जुळवतोय आणि ते जुळेना. म्हणून सरळच सांगतो. प्रा. कुमुद वट्टमवार गेल्या. माझी मैत्रीण गेली. आणि त्यांच्या शनिवारच्या खेळाचं आता काय होणार, हे मला इथं विचारायचंय. शोकसभेत असलं विचारतात का? नसतील विचारत. मी विचारणार आहे.

आधी खेळ काय होता ते सांगतो, कारण नवी मंडळी दिसताहेत.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातूरला गल्लोगल्ली क्लासेस निघून राहिले होते. भोकरची, अर्धापूरची पोरं ट्रंका घेऊन इथं उतरत होती, डॉक्टर व्हायला, इंजिनिअर व्हायला. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो. आणि इतिहासाच्या वर्गात कोण? ज्यांचा कुठंच नंबर लागला नाही ते. तेही खिडकीबाहेर बघत बसलेले. एका शनिवारी ताईंनी याच हॉलमधली बाकं भिंतीला लावली आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. तू पाटील. तू पटवारी. तू विधवा, अंगणातल्या पेवात, जमिनीखाली, ज्वारी लपवून ठेवलीयस. तू निजामाचा तहसीलदार, सक्तीचं लेव्हीचं धान्य न्यायला आलायस. आता बोला. भांडा. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

संवाद लिहिलेले नसायचे. आपल्या माणसाला काय हवंय आणि त्याला काय माहीत आहे, एवढंच चिठ्ठीत. आणि एक नियम होता, त्यात ताई कुणाचं ऐकत नसत. आपल्या घरची भूमिका आपल्याला मिळणार नाही. पाटलाच्या पोरानं पाटील व्हायचं नाही. तिथं तो नवीन काय शिकणार?

मी या खेळांचा परीक्षक. प्रत्येक नवा खेळ ताई आधी माझ्याकडं नांदेडला धाडायच्या. पहिला आला तेव्हा मी पानंच्या पानं चुका काढून परत केला. सनावळी चुकली, हुद्दा चुकला, हे असं नव्हतं, ते तसं नव्हतं. ताई बस धरून थेट माझ्या स्टाफरूममध्ये हजर.

"सर, खेळलात का?"

"खेळायचं काय त्यात? वाचला की."

"मग हे तुमचं मत नाही. खेळल्याशिवाय मत नाही."

माझ्याच विद्यार्थ्यांमध्ये मला बसवलं आणि विधवेची चिठ्ठी हातात दिली. तहसीलदार कोण, तर माझ्याच वर्गातली एक पोरगी. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "पेवात काय हाय, म्हातारे?" आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी ऐटीत सांगितलं की, लेव्हीचा हुकूम या तालुक्याला अजून लागूच झालेला नाही, पुढच्या वर्षी होईल! सगळा वर्ग हशानं फुटला. सरकार पुढच्या वर्षी काय करणार ते त्या बिचाऱ्या विधवेला ठाऊक!

ताईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मग त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "आपण इतिहासवाले सगळे इथंच फसतो, सर. पुढं काय झालं ते आपल्याला माहीत असतं. त्या बाईला माहीत नव्हतं. तरी तिला त्याच दिवशी ठरवायचं होतं." त्यानंतर मला जुन्या पद्धतीनं शिकवता आलं नाही. लई राग आला होता मला, पण नाही आलं.

मग त्यांनी भूकंपावरचा खेळ लिहिला. पडलेलं गाव नव्या जागी न्यायचंय, त्याची सभा. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, ताई, हा इतिहास झालेला नाही अजून, लोकांच्या अंगावर ओला आहे. ताईंनी वाद घातला नाही. खेळ कपाटात ठेवून दिला. माझं म्हणणं चुकलं होतं, असं मला आजही वाटत नाही. तसं सांगणं हे परीक्षकाचं कामच होतं.

तो बाहेर काढायला लावला संगीतानं. ती बघा, दाराशी उभी आहे. ये ना गं पुढं. संगीता तेव्हा ताईंची विद्यार्थिनी होती, गाव भूकंपातलं. ती भर वर्गात म्हणाली, "मॅडम, आमच्या गावाचा खेळ का न्हाई? सभा झाली तवा मी ल्हान होते. मोठी माणसं बोलली. मला बोलायचंय."

ताईंनी मला फोन केला. "सर, या."

मी आलो. नियमाप्रमाणं संगीताला तिच्या गावातलं कुणीच होता येणार नव्हतं. तिला मिळाली इंजिनिअरची चिठ्ठी. फळ्यावर नव्या गावाचा नकाशा, सरळ ओळी, मापाप्रमाणं घरं. चिठ्ठीत लिहिलेलं, नकाशात बदल करायचा नाही. समोर एक म्हातारा. ती चिठ्ठी अर्धापूरच्या एका केळीवाल्याच्या पोराला मिळाली होती. तो उठला आणि म्हणाला, "साहेब, मला मोठं घर नगं. मला माझी शेजारीण पायजे. तिनं माझी नात ढिगाऱ्यातून काढलीया."

हे चिठ्ठीत नव्हतं. त्याला आपसूक सुचलं. संगीता हातात खडू घेऊन उभी. मला वाटलं, आता पोरगी कोसळणार. मी अर्धा उठलोसुद्धा. ताईंनी माझी बाही ओढली. "बसा."

संगीतानं तळहातानं एक अख्खी ओळ पुसली. म्हणाली, "या बाबा, इथं. तुमचं घर अन् तिचं घर जवळजवळ. आता कुणाला कुणाशेजारी ऱ्हायचंय ते एकेकानं सांगा."

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. बेल झाली, कुणी उठेना.

खऱ्या गावात असं झालं नव्हतं. तिथं ओळी सरळच राहिल्या. मी परीक्षक, मी ते बोललोच. ताई म्हणाल्या, "नव्हतं झालं. पण होऊ शकलं असतं, हे तिला आज कळलं. पुढच्या सभेत ही गप्प बसायची नाही."

नाही बसली. आज संगीता भोकरकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. गावच्या ग्रामसभेत ती आली की सरपंच आधी पाण्याचा ग्लास मागवतात म्हणे.

आता माझा प्रश्न. मघाशी पायऱ्यांवर प्राचार्य सर म्हणाले, नव्या सत्रापासून शनिवारी हा हॉल प्रवेश परीक्षांच्या सरावाला द्यायचा विचार आहे. मॅडमच राहिल्या नाहीत, खेळ घेणार कोण? सर, मला राग आला. पण तुमचा प्रश्न रास्त आहे.

खेळ मी घेईन. संगीता म्हणते, "मी बी येते सर, भोकरहून गाडी हाय." पण दोघांनी गाव होत नाही. पाटील लागतो, विधवा लागते, भांडणारे लागतात. क्लासवाल्या पोरांनो, तुम्हीही या. डॉक्टर होणाऱ्यालाही कधीतरी दुसऱ्याच्या जागी उभं राहावंच लागतं.

खेळ संपला की ताई एक गोष्ट करायला लावायच्या. चिठ्ठी खाली ठेवायची आणि आपलं खरं नाव मोठ्यानं सांगायचं. म्हणजे भांडण खेळातच राहायचं आणि माणूस आपापल्या घरी जायचा.

आता आपण ताईंसाठी उभे राहू. थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही. नंतर मी 'बसा' म्हणेन. तेव्हा ज्यांना येत्या शनिवारी खेळायला यायचंय, त्यांनी बसायचं नाही. उभ्या उभ्याच आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. ते ताईंना ऐकू जाईल, असं मी म्हणणार नाही. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता.

प्राचार्य सरांना ऐकू गेलं तरी पुरे.

उठा.