दत्ताच्या पानावरचा पेला

बेवड्याची नक्कल बघून हसताय? हसा बापड्यांनो. आमचा दत्ताही असाच हसला होता.

दत्ता माझा धाकटा भाऊ, दारूने पोखरलेला. त्याचा मुलगा महेश मुंबईत कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचा. शिमग्याला गावी, कुडपणला आला तो लॅपटॉप घेऊनच. गेममधल्या वीराचा जोडीदार बेवडा. आपण बटण दाबून त्याला बाटली द्यायची, की तो झोकांड्या खात दुप्पट जोराने लढतो. सगळी ओटी हसली. दत्ता सगळ्यांत मोठ्याने.

मी विचारलं, "याच्या घरी कोण हाय रे?"

"आत्ये, तो गेममधला माणूस. त्याला घर नाय."

"म्हणून हसू येतंय तुम्हाला. सकाळी बापाच्या हातात चहाची बशी देऊन बघ. तो हात दाखव तुझ्या गेममध्ये."

"हात थरथरला तर तलवार कशी धरेल?"

"नायच धरणार. तेच दाखव."

दत्ताने हात मांडीखाली लपवला. महेशने ते पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

त्याच वर्षी दत्ता गेला. आमच्यात सर्वपित्रीला मेलेल्याच्या आवडीचं पानावर वाढतात. पुढल्या सर्वपित्रीला माझ्या थोरल्या भावाने भाताशेजारी दारूचा पेला ठेवला. म्हणाला, "जन्मभर त्याला हेच आवडलं."

महेश उठला. पेला उचलून त्याने अंगणात पालथा केला.

"आवडत नव्हती, काका. बापाला ती सुटत नव्हती."